एक तरी परका माणूस

मला एक परका माणूस हवा होता. बस्स, एकच. ओळखीचा नको, नात्यातला नको, आमच्या इमारतीतला तर मुळीच नको. कुठूनतरी यावा, बेल दाबावी, समोरच्या खुर्चीत बसावं आणि म्हणावं, "माझ्या पैशांचं आणि माझ्या पुढच्या आयुष्याचं जरा बघता का?" मग मी चष्मा पुसून त्याला तो प्रश्न विचारला असता, जो विचारता यावा म्हणून मी ऐन चाळिशीत परीक्षेला बसलो, वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आणि घरातल्या जेवणाच्या खुर्च्या उचलून बाहेरच्या खोलीत मांडल्या. "तुम्हाला नक्की काय हवंय?" हा तो प्रश्न. आमच्या धंद्यात तो सगळ्यात आधी विचारायचा असतो. पैशांचं नंतर.

परक्या माणसाची अट माझ्या बायकोची. ती वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेतल्यामुळे घरी आल्यावर ती मोजकंच बोलते. मी आर्थिक नियोजनाचा व्यवसाय काढतो म्हटल्यावर तिनं आदळआपट केली नाही. चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाली, "काढा. पण वर्ष संपेपर्यंत एक तरी परका माणूस पैसे द्यायला तयार होऊन आला पाहिजे. आणि आपणहून पुन्हा आला पाहिजे. एकदा काय, चुकूनही येतं कुणी. नातेवाईक आणि शेजारी धरायचे नाहीत. नाहीतर मुकाट्यानं जुन्या खुर्चीवर जाऊन बसायचं."

जुनी खुर्ची म्हणजे हिशेबखात्यातली. आमचे साहेब फार भले गृहस्थ. दर महिन्याला फोन करून सांगत, "तुमची खुर्ची रिकामीच ठेवलीय हो. मी कुणाला बसू देत नाही." भल्या माणसांचा हा एक त्रास असतो. त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

आता मी नक्की काय करतो, हे सांगायला हवं. कारण ते अजून आमच्या इमारतीतही कुणाला कळलेलं नाही. मी विमा विकत नाही. कुठली योजना, कुठले शेअर, कुठलं कार्ड, काही म्हणजे काही विकत नाही. माणूस काय कमावतो, काय उडवतो, कशाला घाबरतो आणि कशासाठी झुरतो, हे ऐकून घेतो आणि पुढच्या वर्षांची आखणी करून देतो. त्याची फी घेतो. विकणाऱ्याला कमिशन मिळतं, त्यामुळे तो सल्ला फुकट देतो आणि माल गळ्यात मारतो. मी फी घेतो, म्हणून कुणाच्या गळ्यात काही मारत नाही. हे मी परीक्षेत लिहिलं तेव्हा मला चांगले गुण मिळाले. इमारतीत सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, "म्हणजे बाकीचे फुकट सांगतात आणि तू पैसे घेतोस?"

माझे सासरे त्यांत सगळ्यात पुढे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. "सल्ल्याचे पैसे?" ते म्हणाले. "जावईबापू, मी जन्मभर भेटेल त्याला सल्ला दिला. कुणी कपभर चहासुद्धा पाजला नाही."  

आधी नोंदणीचे सोपस्कार. नोंदणी कार्यालयातल्या खिडकीमागच्या बाईंनी माझे कागद उलटेपालटे करून विचारलं, "जागा कुठाय? दारावर पाटी लावल्याचा फोटो आणा." मी इमारतीच्या सेक्रेटरींकडे पाटीची परवानगी मागायला गेलो. ते म्हणाले, "आधी नोंदणी दाखवा. उद्या कुणीही पाटी लावेल." मी खिडकीकडे परत गेलो. बाई म्हणाल्या, आधी पाटी. सेक्रेटरी म्हणाले, आधी नोंदणी. दोघांचंही बोलणं आपापल्या जागी इतकं बरोबर होतं की मलाच अपराधी वाटायला लागलं. शेवटी मी पाटी छातीशी धरून आमच्या दारासमोर उभा राहिलो आणि बायकोनं फोटो काढला. पाटी लावलेली नव्हती, धरलेली होती. त्यामुळे सेक्रेटरींचा नियम मोडला नाही. त्या फोटोत मी नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. खिडकीवर तो चालला. व्यवसायाच्या रकान्यात 'दलाल', 'विमा' आणि 'इतर' एवढेच पर्याय होते. माझी रवानगी 'इतर'मध्ये झाली.

पाटी लागली. मी आत टेबलापाशी बसलो. धुतलेला शर्ट, टोकदार पेन्सिली, समोर रिकामी खुर्ची. जिन्यात पाऊल वाजलं की मी पेन्सिली सरळ करायचो. पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. खरं सांगतो, प्रेमात पडलो होतो त्या वयातही मी जिन्यातल्या पावलांकडे इतका कान लावून बसलो नव्हतो. लोक येत नव्हते असं नाही. लोक येत होते. पंखा कुठला घ्यावा, मुलाला कुठल्या शाखेला घालावं, तुमच्याकडे शिडी आहे का, हे विचारायला येत होते. सगळे इमारतीतले आणि सगळे फुकट.

अशा वेळी आमचे कंपाउंडरकाका मदतीला धावले. वरच्या मजल्यावर राहतात. सगळी हयात त्यांनी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर काढली. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, तरी काकांची नजर अजून प्रत्येक माणसाकडे 'याला किती वेळ बसवावं' या हिशेबानंच बघते. माझ्या रिकाम्या खोलीत येऊन त्यांनी मान हलवली.

"तुझा रोग कळला मला," ते म्हणाले. "गर्दी नाही."

"काका, गर्दी नाही हाच तर प्रश्न आहे."

"अरे, गर्दी ही आधी लागते. रिकाम्या दवाखान्यात कोण पाऊल टाकतं? आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीला स्वतःचे दोन मेहुणे बसवले होते खोकायला. चांगले खोकायचे. पुढे पाय ठेवायला जागा नसायची."

"पण माझ्याकडे येऊन कुणी खोकून काय उपयोग?"

"तुझ्याकडे नुसतं चिंतेत बसायचं. ते सगळ्यांना जमतं."

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यातले नंबराचे पत्र्याचे बिल्ले घेऊन हजर झाले. बाहेरच्या खोलीत त्यांनी आपलं टेबल लावलं. चिंतेत बसायला कंपाउंडरकाकू आल्या, विणकाम घेऊन. सेक्रेटरी आले, कारण वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळणार होतं. आणि आमचे सासरे, कारण ते घरातच होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर चिंता तयारच असते. आमच्याकडे आता बसायला एकही खुर्ची उरली नाही. आम्ही नवराबायको स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्यानं जेवायला लागलो. बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचे प्रकार असतात, त्यातला हा जरा लांब चालणारा होता.

काकांचा आणखी एक नियम होता. बसलेला माणूस अधूनमधून आत गेला पाहिजे आणि आत बराच वेळ राहिला पाहिजे. नाहीतर गर्दी खोटी वाटते. त्यामुळे ही मंडळी पाळीपाळीनं आत येऊन माझ्यासमोर बसायची. सुरुवातीला फार अवघड व्हायचं. सेक्रेटरी गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलायचे. काकू टाके मोजायच्या. मग मी सराव म्हणून काकूंना विचारलं, "काकू, तुम्हाला नक्की काय हवंय?"

काकूंची सुई थांबली. "मला?" त्या म्हणाल्या आणि दाराकडे बघून हळूच बोलल्या, "मला एक दिवस असा हवाय की सकाळी उठल्यावर 'आज काय करायचं जेवायला' हे मला कुणी विचारू नये. आणि मीही मला विचारू नये." मग त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा टाके मोजायला सुरुवात केली. मी हबकलोच. या बाईंच्या हातचं मी वर्षानुवर्षं खात आलो होतो.

(हे सगळं मी संबंधितांच्या परवानगीनं लिहितो आहे, हे इथेच नोंदवतो. सासऱ्यांनी तर हा मजकूर वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्याही सुचवल्या. दोन्ही मी केल्या नाहीत.)

सासरे आत येऊन नुसते बसत, घड्याळ बघत आणि वेळ भरली की उठत. त्यांना काही विचारायचा मला धीर होत नव्हता. पण एक दिवस विचारलंच.

"मला काय हवं असणार या वयात?" ते गुरकावले. मग मधल्या दाराकडे बघून म्हणाले, "तो पंखा मोठा करा."

आमचं मधलं दार प्लायवूडचं. या बाजूला कुजबुजलं तरी त्या बाजूला कळतं. मी टेबलपंखा मोठा केला. पंख्याच्या घरघरीत सासरे खाली मान घालून बोलायला लागले.

"पहिल्या नोकरीत माझी बदली झाली होती. लग्न नुकतंच झालेलं. माडीवर दोन खोल्या, वर पत्रा. अंगणात नळ होता. पाणी यायच्या आधी तो शीळ घालायचा. शीळ ऐकली की ही हातातलं टाकून बादल्या घेऊन धावायची. मला ते इतकं आवडायचं, तिचं ते धावणं, की मी तशी शीळ वाजवायला शिकलो. जिन्याखाली उभा राहून वाजवायचो. ही बादल्या घेऊन धावत यायची आणि नळ कोरडा." ते हसले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "ते घर आहे अजून. मी चौकशी केलीय. भाड्यानं मिळेल. मला तिथे काही महिने राहायचंय. बस्स. वेडेपणा आहे."

मी पेन्सिल घेतली. भाडं, प्रवास, औषधं, अडीनडीची तजवीज, सगळं मांडून बघितलं. त्यांच्या निवृत्तिवेतनात ते सहज बसत होतं. "उद्या जाऊ शकता," मी म्हणालो. "अडचण काय आहे?"

"मुलगी," ते म्हणाले. "तिच्या आईचा विषय काढला की तिचा चेहरा उतरतो. मला बघवत नाही. म्हणून मी काढतच नाही. तिला काय सांगू, कशाला चाललोय? आणि जावईबापू, हे तिला सांगायचं नाही. तुमच्या धंद्यात ती शपथ असते ना?"

असते. अशिलाचं बोलणं बाहेर सांगायचं नाही, अगदी घरातही नाही. परीक्षेच्या वेळी हा नियम मला सगळ्यात सोपा वाटला होता.

त्याच आठवड्यात तो अनर्थ झाला. मी आत सेक्रेटरींची टाकी ऐकत होतो. ते गेले, सासरे आले, त्यांचा नळ झाला, काकू आल्या. संध्याकाळी बाहेर आलो तर कंपाउंडरकाका आनंदानं फुलले होते.

"चालायला लागलं तुझं!" त्यांनी माझी पाठ थोपटली. "आज एक बाई आल्या होत्या. खऱ्या! पलीकडच्या शाळेत शिकवतात म्हणे. पाटी वाचून आल्या. खूप वेळ बसल्या बिचाऱ्या, मग कंटाळून निघून गेल्या. आमच्या डॉक्टरांकडनं पहिला पेशंट कंटाळून गेला ना, त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते!"

 मी धावत जिना उतरलो. रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं. शाळेत शिकवणाऱ्या बाई दिसतात कशा? ज्या ज्या बाईंच्या हातात पिशवी होती, त्या सगळ्या मला शिक्षिका वाटायला लागल्या. एकीला मी विचारलंही. तिनं पिशवी छातीशी धरली आणि रस्ता ओलांडला. वर्षभर मी ज्या पावलाची वाट बघत होतो ते माझ्या दाराशी येऊन, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच सासऱ्यांमुळे निघून गेलं होतं.

मी गर्दी बरखास्त केली. म्हणजे करायला गेलो. "उद्यापासून कुणी यायचं नाही," मी जाहीर केलं. काकूंचं तोंड पडलं. सेक्रेटरी म्हणाले, "असं कसं? माझं टाकीचं अर्धवट राहिलंय." सासरे तर खवळलेच. "माझा नंबर आहे उद्या," बिल्ला दाखवत ते म्हणाले. जगात फुकट अशिलांइतकं चिवट काही नसतं. शेवटी आठवड्यातून एकदा, एवढ्यावर तडजोड झाली.

आणि इकडे बायकोला संशय आला. "बाबा आत अर्धा अर्धा तास काय बोलतात तुमच्याशी? माझ्याशी तर बोलत नाहीत."

"सांगता येत नाही."

"मी त्यांची मुलगी आहे."

"म्हणूनच."

त्यानंतर घरात बर्फ पडला. चहा मिळायचा, पण कप जरा जोरात टेकायचा. रजा संपायला आठवडाभर उरला असताना तिनं काकांकडे जाऊन बिल्ला घेतला आणि आत येऊन समोर बसली. वीज कंपनीचा गणवेश अंगावर, पर्स मांडीवर. "अशील म्हणून आलेय," ती म्हणाली. "विचारा."

मी विचारलं. मला वाटलं, आता खुर्च्या मागेल.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मला आई तरुण होती तेव्हा कशी होती ते ऐकायचंय," ती म्हणाली. "तिनं सांगितलेलं मी लक्ष देऊन ऐकलंच नाही हो. सारखी कसल्या ना कसल्या घाईत. आता सांगणारं एकच माणूस आहे. आणि आईचं नाव काढलं की बाबा उठून आत जातात. त्यांना त्रास नको म्हणून मी विचारत नाही." पर्सचा चाप तिनं उघडला, मिटला. "याला काही योजना असते का तुमच्याकडे?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. नळ, शीळ, बादल्या. एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. ती माझी बायको होती आणि तिचे डोळे भरले होते. पण ज्या माणसानं विश्वासानं पंखा मोठा करायला सांगितला, त्याचं मी कसं बोलणार? मी म्हणालो, "बघतो." इतकं फालतू उत्तर मी आयुष्यात दिलं नव्हतं.

मग मी आडवळणानं प्रयत्न केला. रात्री ओट्याला टेकून तिघं जेवत असताना सहज म्हणालो, "काही काही नळांना पाणी यायच्या आधी शीळ येते, नाही?" सासऱ्यांना ठसका लागला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ताटात बघायला लागलो. बायको म्हणाली, "आपला नळ शीळ घालतो? मला बोलला नाहीत ते!" आणि दुसऱ्या दिवशी तिनं प्लंबर बोलावला.

प्लंबरनं भिंतीतला पाइप उघडला. न येणारी शीळ शोधायची म्हणजे वेळ लागतो. पाइपमधून आधी हवा आली, मग गंज, मग पाणी. आणि ते पाणी थेट बाहेरच्या खोलीत. खुर्च्या भिजल्या, काकूंचं विणकाम भिजलं, खालच्या मजल्यावर सेक्रेटरींच्या घरात छतावर डाग पडला. त्यांनी मला लेखी नोटीस दिली आणि ती द्यायला स्वतःच आल्यामुळे त्यांचे बूटही भिजले. जाताना प्लंबरनं नुसतं येऊन बघण्याचे वेगळे पैसे लावले. ते बायकोनं निमूटपणे दिले. सासऱ्यांनीही काही शेरा मारला नाही. सल्ल्याचे पैसे कुणी देत नाही म्हणतात, आणि हा गडी बघण्याचे घेऊन गेला. मी ओल्या फरशीवर उभा राहून नोटीस वाचत होतो तेव्हा फोन वाजला. साहेब होते. "सोमवारी येताय ना? खुर्ची पुसून ठेवलीय."

शेवटचा शुक्रवार उजाडला. सासऱ्यांचा नंबर होता. बायकोनं "त्या 'बघतो'चं काय झालं ते विचारायला" काकांकडून पुन्हा बिल्ला घेतला होता. काकांनी सवयीप्रमाणे सगळ्यांना पाच वाजता बोलावलं. दवाखान्यात सगळ्यांनाच पाच वाजता बोलवायची पद्धत, म्हणजे खोली भरलेली दिसते. मी आत कागद लावत बसलो होतो. दार किलकिलं करून काका कुजबुजले, "आल्यात! शाळेतल्या बाई. पुन्हा आल्यात! कोपऱ्यातल्या खुर्चीवर. पण त्यांच्या आधी दोन नंबर आहेत."

"काका, नंबर गेले चुलीत! त्यांना आधी पाठवा!"

"नंबर म्हणजे नंबर," काका म्हणाले आणि दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांत डॉक्टरांनाही त्यांनी जुमानलं नव्हतं.

मीच उठलो. दाराच्या मुठीवर हात ठेवला. आता उघडायचं, हसायचं, "या बाई" म्हणायचं. पलीकडे माझं अख्खं वर्ष कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलं होतं. तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला.

"तू इथे काय करतेस?"

"नंबर लावलाय मी, बाबा."

"नंबर? तुला कशाला नंबर?"

"तुम्हाला कशाला लागतो?" बायको म्हणाली. "तुम्ही काय बोलता हो आत? मला का नाही सांगत?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"तुझ्या आईबद्दल बोलतो," सासरे म्हणाले.

मग बायकोचा आवाज, जो मी लग्नाला इतकी वर्षं होऊनही कधी ऐकला नव्हता, अगदी लहान मुलीचा: "मला सांगा ना."

आणि सासरे सांगायला लागले. पंखा बंद होता, खोलीत माणसं होती, काका होते, कुणी परक्या बाई होत्या. त्यांना कशाचंच भान नव्हतं. दोन खोल्या, पत्रा, अंगणातला नळ. मी मुठीवर हात ठेवून तसाच उभा. दार उघडलं असतं तर ते थांबले असते. सासऱ्यांना मी चांगला ओळखतो. एकदा थांबले की पुन्हा सुरू होत नाहीत. आणि उघडलं नसतं तर बाई मागच्यासारख्याच कंटाळून उठल्या असत्या आणि सोमवारी मी पुसलेल्या खुर्चीवर बसलो असतो. मला ती बाई फार हवी होती. इतकं काही हवं असणं या वयात बरं नाही, पण हवी होती.

"...मग ही यायची बादल्या घेऊन," सासरे सांगत होते, "आणि नळ कोरडा. पहिल्यांदा फार चिडली. पुढे पुढे तिला कळायचं गं, की ही शीळ नळाची नाही, माझी आहे." त्यांचा आवाज बसला. "तरी यायची."

मी मुठीवरचा हात काढला. परत टेबलापाशी गेलो आणि पंखा लावला, मोठा. पुढचं ऐकायचा मला हक्क नव्हता. पंख्याच्या घरघरीत बसून राहिलो. समोरची खुर्ची रिकामी होती. मला वाटत होतं की आपणही बाहेर जावं, बायकोच्या शेजारी जमिनीवर बसावं आणि सासूबाईंबद्दल ऐकावं. मला त्या फार आवडायच्या. पण हे कुणाला सांगायचं राहूनच गेलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दारावर टकटक झाली. काका आत आले, चष्मा पुसत.

"दोघं गेले," ते म्हणाले. "त्या नळाच्या गावच्या गाडीची तिकिटं काढायला. फी न देता. आणि जाताना जोडीनं रडत होते, जोडीनं हसत होते. असले पेशंट मी जन्मात पाहिले नाहीत."

"आणि शाळेतल्या बाई?"

काकांनी दार पूर्ण उघडलं. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होत्या. पन्नाशीच्या, साध्या, पिशवी पायाशी, रुमाल हातात चुरगळलेला. मला बघून त्या उठल्या नाहीत.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ते दोघं कोण होते?"

त्यांतल्या एकीशी माझं लग्न झालेलं आहे आणि दुसऱ्यांनी ते लावून दिलं. पण दोघांच्याही हातात बिल्ले होते.

"सांगता येत नाही, बाई," मी म्हणालो. "इथे येणाऱ्यांचं आम्ही बाहेर बोलत नाही."

"कुणाकडेच?"

"कुणाकडेच."

"घरी, बायकोकडेसुद्धा नाही?"

"बायकोकडे तर मुळीच नाही," मी म्हणालो, आणि वर्षभरात पहिल्यांदा मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटला.

बाईंनी पिशवी उचलली आणि माझ्या अंगावरून सरळ आत गेल्या. खुर्ची जरा पुढे ओढून बसल्या. मी दार लावलं, टेबलापाशी गेलो, चष्मा पुसला. पण मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "माझं एक माणूस आहे. त्याच्याकडे जायचंय मला. कुणालाच माहीत नाही."